दुबई ते देवगड: तीन तासांच्या भरवशावर निघू नका

आपल्याकडची पोरं दुबईत आली की पहिल्या सुट्टीचं तिकीट काढताना एकच आकडा धरून चालतात, तीन तास. दुबई-मुंबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर, आणि विमान हवेत तेवढाच वेळ असतं, हे खरं. माझी आयेसुद्धा फोनवर म्हणायची, "तीन तासांचो तर प्रवास, मगे येवक काय जाता तुका?" पण आपलं घर मुंबईच्या विमानतळाशेजारी सहारला नाही, देवगडला आहे.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. भारत दीड तास पुढे. रात्री १० ला दुबईहून सुटलेलं विमान मुंबईत अडीचच्या सुमारास उतरतं.

आता तारीख. हे दोनदा वाचा. २०१८ ची चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. माझं तिकीट ११ तारखेचं, वेळ ००:५०. म्हणजे १० च्या रात्री जेवून विमानतळावर पोचायचं. मी ११ च्या रात्री पोचलो. काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं आणि सांगितलं, तुमचं विमान काल रात्रीच गेलं. ऐन गणपतीत नवं तिकीट मिळालं ते जवळजवळ महिन्याच्या पगाराला, आणि तेही १२ च्या रात्रीचं. घरी पोचलो तोवर दिवेलागण झाली होती. मूर्तीची पूजा धाकट्या भावाने केली होती. वडिलांनी मला थोरला म्हणून त्या वर्षी पहिल्यांदा पाटावर बसायला सांगितलं होतं. मध्यरात्रीनंतरचं तिकीट असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाला गोल करा. "मला कळतं" म्हणणारे माझ्या खोलीतले दोघे पुढे असेच फसले.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा करून बाहेर यायला दीड तास धरा. सकाळची मांडवी एक्सप्रेस ठाण्याला किंवा पनवेलला पकडा, कणकवलीला उतरा, पुढे एसटी. घरून घरापर्यंत वीस तास तरी जातात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात आणि दरड आली की थांबतात. म्हणून परतताना विमानाच्या दिवशीच मुंबईत पोचणारी गाडी घेऊ नका, एक रात्र नातेवाइकांकडे काढा. इथले जुने लोक रजेचा एक दिवस वाचवायला नव्यांना उलटं शिकवतात. त्यांचं ऐकू नका. दुबईत काउंटर वेळेवर बंद होतं, तसं मुंबईतही होतं. हात जोडून उघडत नाही.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांनी आधी गोव्यातल्या मोपा विमानतळाचं थेट विमान बघावं.

आणि बॅगेतला मालवणी मसाला. त्यात खसखस असते, आणि खसखशीला अमिरातीत बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. मसाला दळायला टाकण्याआधीच घरी फोन करून सांगा.