मॅन्युअलमधून मोबाईलवर: सीएनसी मशीनची रोजची चेकशीट अशी बनवा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनशेजारी क्लिपबोर्डला एक चेकशीट लटकलेली असते. ३१ रकाने, दहा-बारा ओळी, आणि महिनाभराच्या बरोबरच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत मारलेल्या. हाच कागद जसाच्या तसा मोबाईलच्या फॉर्मवर चढवला तर फरक इतकाच पडेल की खुणा पेनाऐवजी बोटाने मारल्या जातील. ‘कूलंट ठीक आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला कूलंटच्या (कापताना धातूवर सोडायच्या ऑइल-पाण्याच्या मिश्रणाच्या) टाकीपर्यंत जावं लागत नाही. ‘रिफ्रॅक्टोमीटरचं (मिश्रण किती घट्ट ते दाखवणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग किती?’ या प्रश्नाला जावं लागतं. फॉर्म बनवताना एवढं धरून ठेवलं तरी अर्धं काम होतं. विचारायचं काय आणि मर्यादा किती, हे मॅन्युअलमधून येतं, म्हणून सुरुवात तिथून.

मॅन्युअल कसं वाचायचं

मशीनबरोबर एकच पुस्तक येत नाही. ऑपरेटर मॅन्युअल, मेंटेनन्स मॅन्युअल, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, आणि कंट्रोलची (मशीन चालवणारा संगणक, फानुक, सीमेन्स वगैरे कंपन्यांचा) वेगळी पुस्तकं. चेकशीटसाठी आधी मेंटेनन्स मॅन्युअलमधला नियतकालिक तपासणीचा तक्ता काढा. पण त्याआधी मशीनच्या नेमप्लेटवरचं मॉडेल आणि सिरियल नंबर पुस्तकाच्या पहिल्या पानाशी जुळवा. पुस्तक बहुधा अख्ख्या सिरीजसाठी लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनला टेलस्टॉक (लांब जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) किंवा चिप कन्व्हेयर (धातूचा कीस बाहेर नेणारा पट्टा) नसेल तर त्या ओळी तिथेच खोडा. नसलेल्या भागाला रोज ‘ठीक’ मिळतंय हे ऑडिटरच्या नजरेतून सुटत नाही.

मग एका एक्सेल शीटवर पाच रकाने करा: भाग, काय पाहायचं, मर्यादा आणि एकक, किती वेळाने, मॅन्युअलचं पान. पानाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सहा महिन्यांनी ‘ही मर्यादा आली कुठून?’ असं कोणी विचारलं की तोच कामाला येतो.

इथे तीन गोष्टींत हमखास गफलत होते.

पहिली, एककांची. पुस्तकात हवेचा दाब ०.५ एमपीए (मेगापास्कल) लिहिलेला असतो आणि मशीनवरचा गेज किलो प्रति चौरस सेंटीमीटर किंवा पीएसआय दाखवतो. ०.५ एमपीए म्हणजे सुमारे ५.१ किलो, किंवा ७२-७३ पीएसआय. फॉर्ममध्ये गेजवर जे छापलंय तेच एकक ठेवा. रूपांतर तुम्ही एकदा करून टाका, ऑपरेटरला रोज करायला लावू नका.

दुसरी, तासांची. ‘दर ५०० तासांनी’ असं लिहिलं असेल तर तुमच्या पाळ्यांनुसार त्याचे दिवस काढा. ८ तासांच्या दोन पाळ्या, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ४१६ तास. ५०० तास साधारण पाच आठवड्यांत होतात, २००० तास पाच महिन्यांच्या आतच. एक पाळी चालवणाऱ्याला याच्या दुप्पट वेळ मिळतो. फानुकच्या टायमर स्क्रीनवर पॉवर ऑन तास आणि कटिंगचे तास वेगवेगळे दिसतात. यातले कुठले धरायचे ते ठरवून शीटवर लिहून ठेवा.

तिसरी, क्रियापदांची. ‘तपासा’, ‘स्वच्छ करा’ आणि ‘बदला’ ही तीन वेगळी कामं आहेत. रोजच्या फॉर्ममध्ये फक्त ऑपरेटरने करायची कामं जातात. कंट्रोल आणि एन्कोडरच्या (अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाच्या) बॅटऱ्या हे त्यात न जाणारं ठळक उदाहरण. फानुकच्या बॅटऱ्या वर्षातून एकदा बदलायच्या असतात, आणि ॲब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलावी लागते. बंद करून काढली तर अक्षांची शून्य जागा पुसली जाते आणि पुन्हा रेफरन्स सेट करत बसावं लागतं. पॅनल उघडं, आतली वीज चालू. हे काम इलेक्ट्रिशियनचंच. त्यासाठी वर्षाचा वेगळा फॉर्म करा.

प्रश्न असे घडवा

कूलंटचं उदाहरण घ्या. रिफ्रॅक्टोमीटर जे दाखवतो ते थेट टक्के नसतात. कूलंट कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटवर एक फॅक्टर दिलेला असतो आणि रीडिंगला त्याने गुणायचं असतं. समजा फॅक्टर १.५ आहे आणि कूलंट ६ ते ८ टक्के हवं आहे, तर काचेतून दिसणारं रीडिंग ४ ते ५.३ च्या दरम्यान हवं. फॉर्ममध्ये कच्चं रीडिंगच विचारा. नाहीतर कोणी गुणून भरतो, कोणी न गुणता, आणि महिन्याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. प्रश्नाखालच्या हिंटमध्ये लिहा: ‘आधी साध्या पाण्याने शून्य लावा, काच पुसा, मग टाकीतला थेंब.’ थेंब नोझलच्या तोंडचा घेतला तरी चालतो, पण वर तरंगणाऱ्या स्लाइडवे ऑइलचा (मशीनच्या सरकत्या भागांच्या वंगणाचा) नको. त्याने रेघ धूसर होते.

उन्हाळ्यात पाणी उडतं आणि कूलंट घट्ट होतं, तेव्हा पातळ मिश्रण टाकायचं. रीडिंग खाली गेलं तर गंज येतो, आणि सुट्टीनंतर मशीन उघडलं की कुजका वास. २०० लिटरच्या टाकीत ४ टक्के असेल आणि ६ हवे असतील तर साधारण ४ लिटर ऑइल कमी पडलंय. ते बाहेर बादलीत मिसळून टाका, आणि मिसळताना पाण्यात ऑइल ओता, ऑइलमध्ये पाणी नाही. हे सगळं फॉर्मच्या नोटमध्ये बसतं, भिंतीवर वेगळा बोर्ड लागत नाही.

स्लाइडवेच्या ऑइलचा प्रश्न ‘लेव्हल बरोबर आहे का?’ असा विचारला तर तो उलटा फसवतो. पंप बंद पडला किंवा फिल्टर चोंदला तर ऑइल खर्चच होत नाही. लेव्हल चार दिवस छान दिसते आणि स्लाइड मात्र कोरडी चालते. म्हणून विचारा: ‘आज किती मिली भरलं?’ शेजारी मोजमापाचा जग ठेवा. रोज २०० मिली लागणाऱ्या मशीनला तीन दिवस शून्य आलं की पंपाकडे जा, एकदम ५०० आलं की फुटलेली लाइन शोधा.

चकच्या (जॉब घट्ट धरणाऱ्या भागाच्या) दाबाला एकच मर्यादा घालू नका. तो जॉबवर ठरतो, पातळ भिंतीच्या जॉबला कमी लागतो. ‘सेटअप शीटवर किती?’ आणि ‘गेजवर किती?’ असे दोन आकडे शेजारी मागा. पावसाळ्यात एफआरएलच्या (हवेच्या लाइनवरचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) वाटीतलं पाणी काढलं का, हा प्रश्न जून ते सप्टेंबर रोज ठेवा, बाकीच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा पुरतो. पॅनलच्या फॅनची जाळी आठवड्याला, पण शटर रस्त्याकडे उघडत असेल तर लवकर.

सगळे मिळून आठ ते दहा प्रश्न. भरायला चार-पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर कापा.

फॉर्म बांधणं

शेडच्या पत्र्याखाली रेंज नसते, त्यामुळे ऑफलाइन चालणारं सॉफ्टवेअर हवं. गुगल फॉर्मला भरताना नेट लागतं. कोबोटूलबॉक्स (फॉर्म बनवायची वेबसाइट) आणि त्याचं अँड्रॉइड ॲप कोबोकलेक्ट (फॉर्म भरायला) ऑफलाइन चालतात. दोन्ही ओडीके या मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहेत. कंपनीच्या वापराला कुठला प्लॅन लागतो ते खातं उघडण्याआधी किमतीच्या पानावर पाहून घ्या.

कोबोटूलबॉक्समध्ये लॉग इन करून ‘न्यू’, मग ‘बिल्ड फ्रॉम स्क्रॅच’. फॉर्मच्या नावातच सुधारणा क्रमांक घाला, उदाहरणार्थ ‘टर्निंग रोजची तपासणी, सुधारणा ०२’. प्लसच्या खुणेवर प्रश्न लिहा, प्रकार निवडा: रीडिंगला ‘डेसिमल’, मिलीला ‘नंबर’, मशीन ओळखायला ‘बारकोड / क्यूआर कोड’, गेजला ‘फोटो’. क्यूआर स्टिकर लॅमिनेट करून कंट्रोलच्या बाजूला चिकटवा. दरवाजावर लावलं तर कूलंटच्या उडणाऱ्या थेंबांनी पंधरा दिवसांत गळून पडतं. स्कॅन फक्त ॲपमध्ये चालतो. तोच फॉर्म ब्राउझरमध्ये उघडला तर तिथे नुसता लिहिण्याचा चौकोन दिसतो.

प्रत्येक प्रश्नाच्या गिअरमध्ये ‘डेटा कॉलम नेम’ असतं. ते रोमन लिपीत, स्पेस न देता, छोटं असं स्वतः लिहा. प्रश्नाचा मजकूर नंतर कितीही बदला, पण हे नाव एकदा फॉर्म डिप्लॉय केल्यावर (म्हणजे वापरासाठी सुरू केल्यावर) बदलू नका. बदललंत तर नवा रकाना उघडतो आणि जुना-नवा डेटा दोन ठिकाणी फाटतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा: ‘व्हॅलिडेशन’, म्हणजे कुठलं उत्तर फॉर्मने स्वीकारायचं त्याची अट. कूलंटचं रीडिंग ४ ते ५.३ हवं, म्हणून तीच मर्यादा व्हॅलिडेशनला घालायचा मोह होतो. घालू नका. खरं रीडिंग ३ असलं की फॉर्म ते घेत नाही, बस चुकायच्या घाईतला ऑपरेटर ४.५ टाकून मोकळा होतो, आणि फॉर्मनेच त्याला खोटं लिहायला शिकवलेलं असतं. व्हॅलिडेशन फक्त अशक्य आकड्यांसाठी ठेवा: रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी ३२ पर्यंत असेल तर ० ते ३२. मर्यादेबाहेरच्या रीडिंगसाठी ‘स्किप लॉजिक’ (प्रश्न कधी दाखवायचा त्याची अट) वापरा. ‘काय केलं?’ असा नवा प्रश्न घाला, आणि रीडिंग ४ पेक्षा कमी किंवा ५.३ पेक्षा जास्त असेल तरच तो दिसेल असं लावा. दोन अटींपैकी कुठलीही एक जुळली तरी चालेल, हा पर्याय निवडायचा. पर्याय: मिश्रण टाकलं, सुपरवायझरला सांगितलं, काही केलं नाही. शेवटचा पर्याय ठेवाच, खरं उत्तर बहुतेक तेच असतं. आणि योग्य मर्यादा मूळ प्रश्नात छापू नका. छापली की सगळी उत्तरं तिच्या मधोमध पडतात.

भाषेसाठी ‘मॅनेज ट्रान्सलेशन्स’मध्ये आधी मूळ भाषा मराठी ठरवा, मग हिंदी जोडा. तिसऱ्या पाळीला हिंदी भाषक पोरं असतात, ॲपच्या मेनूतून ती भाषा बदलू शकतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर पेस्ट केला की मोबाईलवर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

सेव्ह करा, डोळ्याच्या खुणेवर प्रिव्ह्यू पाहा, मग ‘डिप्लॉय’. पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर ‘रीडिप्लॉय’ करावं लागतं. नुसतं सेव्ह केल्याने फोनपर्यंत काही पोहोचत नाही.

फोनवर, शॉप फ्लोअरवर

कोबोकलेक्टमध्ये सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड भरा आणि कोरा फॉर्म उतरवून घ्या. सेटिंगमध्ये कोरे फॉर्म सर्व्हरशी तंतोतंत जुळतील असा पर्याय निवडा, नाहीतर फोनवर जुनी सुधारणा आणि जुन्याच मर्यादा चालू राहतात. भरलेले फॉर्म आपोआप पाठवण्याचं सेटिंग वाय-फायवर ठेवा. फोन सुपरवायझरच्या टेबलाजवळ चार्जिंगला लागला की गेले.

फोटोच्या प्रश्नाला ‘अपिअरन्स’मध्ये रोमन अक्षरांत ‘न्यू’ लिहिलं की गॅलरीतला कालचा फोटो निवडता येत नाही. फोटोत ग्राहकाचं ड्रॉइंग येणार नाही असं पाहा. काही ग्राहक शॉपमध्ये कॅमेराच चालू देत नाहीत. तिथे फोटोचा प्रश्न काढून टाका, वाद घालू नका.

फॉर्म उघडल्याची आणि संपवल्याची वेळ आपोआप नोंदते. दहा प्रश्न ४० सेकंदांत भरले असतील तर मशीनभोवती कोणी फिरलेलं नाही. ओरडण्याआधी एकदा स्वतः, हातमोजे काढ-घाल करत, भरून पाहा. कधी कधी फॉर्मच लांब असतो.

पहिले दोन आठवडे एकाच मशीनवर, कागद आणि मोबाईल दोन्ही चालवा. आणि एक गोष्ट सगळ्यांना स्पष्ट सांगा: हा फॉर्म नोंद आहे, भोंगा नाही. ऑइल गळतंय असं फॉर्ममध्ये लिहून कोणी धावत येणार नाही, त्यासाठी हाक मारायची.

डेटा काढताना

‘डेटा’ टॅबमध्ये ‘डाउनलोड्स’मधून एक्सएलएस घ्या. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठीची चिरफाड होते. मशीननुसार ऑइलच्या मिलीची रोजची रेघ काढा. एवढी एकच रेघ महिन्यातून एकदा पाहिली तरी पंपाचा बिघाड आधी कळतो.

गाडीच्या कंपन्यांना माल देत असाल तर आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) चं ८.५.१.५ हे कलम टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सचं (मशीनच्या नियोजित देखभालीचं) आहे. ऑडिटर नोंदी मागतो आणि बदलांचा माग विचारतो. म्हणून दर महिन्याचा एक्सएलएस, त्या वेळचा फॉर्म आणि मॅन्युअलच्या पानांची ती पाच रकान्यांची शीट एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सुधारणा ०३ केली तर काय बदललं आणि का, हे एका ओळीत तिथेच लिहा.

फोन बदलताना किंवा रीसेट करताना आधी ॲपमध्ये ‘पाठवायचे बाकी’ फॉर्म शून्य आहेत का ते पाहा. ॲप काढलं किंवा त्याचा डेटा साफ केला की न पाठवलेल्या नोंदी गेल्या, त्या सर्व्हरवर कुठेच नसतात.