गिटार थेट कॉम्प्युटरला जोडताना

ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार आणि कॉम्प्युटरला जोडणारी डबी) इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बोथट येतोय? आधी ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ बटण दाबलंय का ते पाहा. गिटारच्या पिकअपला (तारांचं कंपन टिपणारा भाग) साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट (कीबोर्ड, मिक्सर वगैरेंसाठीचा) त्याहून फारच कमी ओहमचा असतो, त्यामुळे आवाजातली चमक तिथेच मरते. मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल कितीही वाढवा, ती नीटशी परत येत नाही.

गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) लावताना लाजत वाजवू नका. गाण्यात जितक्या जोरात वाजवणार तितक्याच जोरात सगळ्या तारा छेडा आणि मीटर -१० डेसिबलच्या आसपास राहू द्या.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येत असेल तर विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, टाका (मॅकवर सहसा ही कटकट नसते) आणि बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) १२८ म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७. जाऊन-येऊन एकूण उशीर याच्या दुपटीहून थोडा जास्तच भरतो, म्हणून ५१२ वर वाजवताना बोटं अडखळतात. चरचर ऐकू आली तर २५६ करा.

स्वर दोनदा ऐकू येतोय? डायरेक्ट मॉनिटर (कॉम्प्युटरला वळसा घालून गिटार थेट ऐकवणारी सोय) बंद करायचा राहिलाय.