फोनो प्रीॲम्प घेण्याआधी कार्ट्रिजचा कागद वाचा

फोनो प्रीॲम्प म्हणजे रेकॉर्डवरून आलेला बारीक सिग्नल ॲम्प्लिफायरला पुरेल इतका मोठा करणारा डबा. तो कार्ट्रिजवरून, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला पिन धरणाऱ्या भागावरून ठरतो. कार्ट्रिजसोबत आलेल्या कागदावर तीन आकडे शोधा: आउटपुट किती मिलिव्होल्ट, लोड (प्रीॲम्पच्या इनपुटचा रोध) किती ओहम आणि कपॅसिटन्स किती पिकोफॅरड. कागद हरवला असेल तर कंपनीच्या साइटवर मिळतो. हे आकडे हाती नसताना सोलापुरात बसून पुण्या-मुंबईहून डबा मागवला, तर परत पाठवायचा कुरिअरखर्च तेवढा अंगावर पडतो.

घरात एचएमव्ही फिएस्टासारखा जुना प्लेयर असेल तर त्याचं कार्ट्रिज बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक असतं. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं, त्याला फोनो प्रीॲम्प लागतच नाही.

एमएम (हलतं मॅग्नेट) कार्ट्रिज साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं. त्याला ४० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची शंभरपट वाढ, पुरे. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई या एमएम कार्ट्रिजचे ४ मिलिव्होल्ट ४०० होतात आणि ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला तेवढे भरपूर झाले. कमी आउटपुटचं एमसी (हलती कॉइल) ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट देतं, त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. पण ‘पुढेमागे एमसी घेऊ’ म्हणून आजच जादा पैसे घालू नका. एमसीची पिन झिजली की बहुतेक वेळा अख्खं कार्ट्रिजच बदलावं लागतं. तेच पैसे चांगल्या एमएम प्रीॲम्पमध्ये जास्त कामी येतात.

सगळ्यात जास्त चुका कपॅसिटन्समध्ये होतात. व्हीएम९५ई ला केबल, टोनआर्म आणि प्रीॲम्प मिळून एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत. सव्वा मीटर केबल, मीटरला साधारण १०० धरले तर १२५. टोनआर्मच्या आतली वायर ३०च्या आसपास. त्यात प्रीॲम्पने आपले १५० घातले की बेरीज ३०५. कार्ट्रिजच्या कॉइलचा इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री असल्यामुळे ३०५ला रेझोनन्स, म्हणजे आवाज उगाच फुगतो ती जागा, १२ किलोहर्ट्झच्या जवळ उतरतो, १८०ला तो १६ वर राहतो. खाली उतरला की ‘स’, ‘श’ आणि झांजा कानाला टोचतात आणि त्यावरचं सगळं झपकन गळतं. दोष प्रीॲम्पच्या नावावर जातो, खरी चूक बेरजेची असते. म्हणून इनपुट कपॅसिटन्स ५०च्या आत असलेला किंवा मागे ती बदलायचे स्विच असलेला प्रीॲम्प घ्या, आणि केबल पाऊण मीटरची करा. ऑर्टोफॉन २एम रेडला मात्र १५० ते ३०० चालतात, त्यामुळे तोच १५० वाला डबा तिथे जवळजवळ बरोबर बसतो.

रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त केलेले असतात, ते प्रीॲम्प आरआयएए कर्व्हने पुन्हा सरळ करतो. या कर्व्हची अचूकता ±०.५ डेसिबलच्या आत असली की घरच्या ऐकण्याला पुरते. त्याहून महत्त्वाचा आकडा ओव्हरलोडचा, म्हणजे आवाज न फाटता इनपुटला किती सिग्नल झेपतो त्याचा: १ किलोहर्ट्झला किमान ५० मिलिव्होल्ट. जुन्या रेकॉर्डवरच्या चऱ्यांचा टक्‌ संगीताहून कितीतरी मोठा असतो. गेन शंभरपट असेल तर ५० मिलिव्होल्टचे ५ व्होल्ट, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १४ व्होल्ट होतात. आत व्होल्टेज वाढवायची सोय नसलेला ९ व्होल्टचा स्वस्त डबा ते देऊच शकत नाही. मग प्रत्येक चरा फाटून ऐकू येतो.

आता सोलापूरचं. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालत असेल तर मागाचा ठोका जमिनीतून टर्नटेबलपर्यंत पोचतो आणि वूफरचा कोन गाण्याशी संबंध नसताना आत-बाहेर हलतो. अशा घरात २० हर्ट्झखालचं कापणारा सबसॉनिक फिल्टर घेतलाच पाहिजे. टर्नटेबलही मागाला लागून नसलेल्या भिंतीवरच्या फळीवर ठेवा. उन्हाने वाकलेल्या रेकॉर्डलाही हाच फिल्टर लागतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमध्ये कर्कश बझ येतो, त्याला प्रीॲम्प बदलून उपाय नाही. एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी घाला आणि वायरमनकडून न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग नीट करून घ्या.

टर्नटेबलमध्येच प्रीॲम्प असेल तर जोडताना मागचा स्विच ‘फोनो’वर ठेवा. तो ‘लाइन’वर राहिला तर कर्व्ह दोनदा लागतो, खर्ज घुमतो आणि आवाज फाटतो. प्रीॲम्पचं आउटपुट ऑक्समध्ये घाला, ॲम्प्लिफायरच्या फोनोमध्ये नाही. ॲडॅप्टर बदलत असाल तर व्होल्टेज, पोलॅरिटी आणि एसी की डीसी हे तिन्ही तपासा. काही प्रीॲम्पना एसी ॲडॅप्टरच लागतो.

हम, म्हणजे सततची घुंईं, आला तर टर्नटेबलची अर्थ वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट आवळा. तरी राहिला तर आवाज पूर्ण खाली करून प्रीॲम्पच्या इनपुटच्या दोन्ही केबल काढा आणि आवाज हळूहळू वाढवा. हम गेला तर दोष टर्नटेबल, कार्ट्रिज किंवा केबलमध्ये. राहिला तर प्रीॲम्प ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब सरकवून पाहा, मग ॲडॅप्टर बदलून पाहा. हम घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. आत लीकेज झालं तर टर्नटेबलच्या धातूला हात लावताच शॉक बसेल.