घारापुरीला जायचंय? लेणी बघून लगेच परतू नका

मुंबईकर घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटावर, जातो तो शाळेच्या सहलीत, नाहीतर गावाहून आलेल्या पाहुण्यांना फिरवायला. लाँच, पायऱ्या, लेणी, लिंबू-तिखट लावलेलं कणीस, की परतीची लाँच. बेटावर दोन टेकड्या आहेत, त्यांवर दाट झाडी आहे, हे लक्षात यायच्या आत गेटवे ऑफ इंडिया पुन्हा दिसायला लागतो. हा लेख त्या झाडीसाठी एक अख्खा दिवस काढणाऱ्यांसाठी आहे.

आधी वार बघा. सोमवारी लेणी बंद असतात. हे मला माहीत होतं, तरी एकदा सोमवारीच डबाबिबा घेऊन गेटवेला पोचलो, आणि तो डबा कठड्यावर बसून कबुतरांच्या संगतीत संपवला. शनिवार-रविवार गर्दीचे, म्हणून मंगळवार ते शुक्रवारातला एखादा दिवस रजा टाकून काढा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद होतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून, टेकड्या सगळ्यात हिरव्या. मे महिन्यात मात्र नका जाऊ, चढावर जीव नकोसा होतो.

सकाळी नऊच्या सुमाराची पहिली लाँच गाठा. सगळा दिवस यावर ठरतो. तिकीट जाऊन-येऊन असतं, ते परतीपर्यंत जपून ठेवा. वरच्या मजल्यावर बसायचे थोडे जास्त पैसे घेतात, ते खुशाल द्या. लाइफ जॅकेट मिळेल ते नीट बांधा. डिसेंबर २०२४ च्या अपघातानंतर ते सक्तीचं झालंय, आणि उकडतं म्हणून मांडीवर ठेवण्यात काही अर्थ नाही. प्रवास साधारण तासाभराचा. नौदलाची जहाजं मागे पडतात, मग जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, समोर न्हावाशेव्याच्या क्रेन, आणि त्यांच्या अलीकडे ती दोन हिरवी टेकाडं.

उतरल्यावर शेतबंदरच्या लांबलचक धक्क्यावर छोटी गाडी उभी असते. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर नसतील तर चालतच जा. ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो, त्यात बगळे एकेक पाय मोजून टाकत असतात.

पुढे शंभर-सव्वाशे पायऱ्या आणि दुतर्फा दुकानं. खरेदी परतताना. आत्ता थेट पहिल्या लेण्यात शिरा, कारण मागच्या लाँचची माणसं अर्ध्या तासात येऊन थडकणार. सुमारे वीस फुटी तीनमुखी सदाशिवासमोर लगेच फोन काढू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की उजवीकडच्या-डावीकडच्या चेहऱ्यांतला फरक उलगडत जातो.

माकडांबद्दल इतकंच, की रंगीत थंड पेयाची बाटली हातात दिसता कामा नये. एका माकडिणीने माझ्यासमोर एका बाईंच्या हातातली बाटली ओढली, झाकण दातांनी धरून फिरवलं आणि पिल्लू पोटाला असतानाच प्यायला लागली. पाण्याची बाटली पिशवीत, पिशवीची चेन बंद, खाणं उघड्यावर नाही.

लेण्यांपासून वर तोफांच्या टेकडीकडे वाट जाते. चढ फार नाही, पण चपला घालून येऊ नका. करंज, आंबा, चिंच यांची सावली लागते आणि दुकानांचा गलका हळूहळू खालीच राहतो. वर इंग्रजांच्या काळातल्या दोन तोफा आहेत. बहुतेक लोक त्यांच्यावर चढून फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही जरा बाजूला झाडाखाली बसून डबा उघडा (आधी माकडं बघून घ्या). रिकामा डबा, कागद, साली, सगळं परत घरी.

पूर्वेकडची दुसरी टेकडी स्तूपाची. तिकडे माणसं फारच कमी जातात, म्हणून एकटे जाऊ नका, आणि निघण्याआधी वाटेची चौकशी एखाद्या दुकानदार मावशींकडे करा. दाट जंगल मोराबंदरच्या बाजूला आहे. बेटावर शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं आहेत. तालुका उरण, जिल्हा रायगड. इथे समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. गावात माणसं राहतात, म्हणून तिथून जाताना कुणाच्या अंगणात, ओटीवर परवानगीशिवाय कॅमेरा रोखू नका.

पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. शेवटच्या लाँचची वेळ सकाळी उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा आणि साडेचारपर्यंत खाली या, म्हणजे रांगेत घाई होत नाही.

आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो इथे शोधत बसू नका. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढा, फक्त बुधवार नको. त्या दिवशी ते बंद असतं.