पांढरी जमीन, पांढरा पडदा: घरोघरी नेता येणारा स्टुडिओ स्वस्तात कसा उभा करायचा

मागे पांढरा कपडा लावला, लाइट लावला, आणि फोटो बघितला तर मागचं सगळं करडं. मी पुण्यात लोकांच्या घरी जाऊन शूट करते, लहान बाळं, डोहाळजेवण, घरून साड्या आणि कुर्ते विकणाऱ्या बायकांचे कॅटलॉग फोटो वगैरे, आणि सुरुवातीला माझं प्रत्येक शूटला हेच व्हायचं. मला वाटायचं कपडा नीट पांढरा नाहीये, म्हणून मी दुसरा आणायचे, मग तिसरा. पैसे गेले पण फोटो करडाच.

त्यामुळे बाजारात जायच्या आधी ही एक गोष्ट समजून घ्या, पैसे वाचतील. पांढरी वस्तूसुद्धा तिच्यावर पडेल तेवढ्याच लाइटने पांढरी दिसते. समजा लाइटपासून माणूस ४ फुटांवर आहे आणि पडदा ८ फुटांवर, तर अंतर दुप्पट झालं म्हणून पडद्यावर लाइट निम्मा नाही तर पाव पडतो, म्हणजे २ स्टॉप कमी (लाइट निम्मा झाला की १ स्टॉप कमी, दुप्पट झाला की १ स्टॉप जास्त), आणि २ स्टॉप कमी म्हणजे पांढऱ्याचा सरळ करडा होतो. यावर कपडा बदलून काही होत नाही, पडद्याला त्याचा वेगळा लाइट द्यावा लागतो आणि तो माणसावरच्या लाइटपेक्षा साधारण १ स्टॉप जास्त ठेवावा लागतो. त्याहून फार जास्त केला की पडद्यावरून उजेड उलटा लेन्समध्ये येतो, केसांच्या कडा खाल्ल्यासारख्या होतात आणि चेहरा धुरकट दिसतो.

आता जमीन. फुल लेंथ फोटोत खरी अडचण जमिनीचीच असते, कारण मागच्या पडद्याला वेगळा लाइट देता येतो पण पायाखालची जमीन आणि पाय एकाच लाइटमध्ये असतात, जमीन उजळायला गेलात तर पैंजण आणि साडीचा काठ पण उडून जातो. यावरचा उपाय फार साधा आहे, जमिनीला चकचकीत आणि कडक पांढरी शीट घ्यायची. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून तिरकं बघितलं की त्या शीटमध्ये मागच्या उजळलेल्या पडद्याचं प्रतिबिंब दिसतं, त्या प्रतिबिंबामुळेच जमीन पांढरी होते, आणि पायाखाली हलकीशी सावली राहते त्यामुळे माणूस हवेत तरंगल्यासारखा वाटत नाही. म्हणून नियम असा की जमीन चकचकीत आणि पडदा मॅट, म्हणजे न चमकणारा. मी बरीच वर्षं उलटं करत होते, खाली पण कपडा आणि मागे पण कपडा, आणि खालच्या कपड्याला प्रत्येक पावलागणिक चुण्या.

जमिनीसाठी मी जे वापरते आणि कुणालाही पहिलं तेच घ्यायला सांगेन ते म्हणजे सनमायका, फर्निचरच्या प्लायवुडवर चिकटवतात ती पातळ कडक शीट. सुतार लोक नुसतं मायका म्हणतात, दुकानात पण तसंच मागा. ८ बाय ४ फुटांची शीट येते, एका माणसाच्या फुल लेंथला ती कॅमेऱ्याच्या दिशेने लांब टाकली की पुरते. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लायवुड-मायकाची दुकानं ओळीने आहेत, पण तिकडेच जायला पाहिजे असं काही नाही, जिथे जिथे फर्निचरची कामं चालतात तिथे प्लायवुडचं दुकान असतंच, तालुक्याच्या गावात पण मिळतं. १ एमएमची ग्लॉसी पांढरी शीट मागा. ०.८ एमएमची स्वस्त पडते आणि चालते पण कोपरे लवकर तुटतात. भाव कंपनी आणि गावाप्रमाणे बदलतो, साधारण हजार-दीड हजाराच्या आसपास धरून चला, आणि दुकानात कोपरा तुटलेली किंवा एखादा ओरखडा असलेली शीट पडलेली आहे का हे आवर्जून विचारा, कारण सुताराला ती चालत नाही पण तुम्हाला चालते, ओरखड्याची बाजू फ्रेमच्या बाहेर ठेवायची.

घेताना एक काळजी घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आयव्हरी, ऑफ व्हाइट आणि खरा पांढरा हे तिन्ही सारखेच दिसतात. सॅम्पलचे तुकडे घेऊन दुकानाबाहेर सावलीत या, एकमेकांना चिकटवून धरा, पिवळट कोणता ते लगेच कळेल. कॅटलॉगमध्ये बऱ्याचदा फ्रॉस्टी व्हाइट म्हणून असतो तो बघा.

आता एवढी मोठी शीट न्यायची कशी, तर मायका गुंडाळता येतो. दुकानदार स्वतःच गोल करून सुतळीने बांधून देतो. पण गुंडाळी सैल पाहिजे, दीड-दोन फूट रुंद तरी, घट्ट करायला गेलात तर काडकन तुटतो आणि तुटलेली कड ब्लेडसारखी असते. दोन जणांनी मिळून गुंडाळा, एकट्याने करायला जाऊ नका, सुटला तर तोंडावर येतो. कडांना चारी बाजूंनी पांढरी टेप मारून घ्या, लहान मुलांच्या शूटला तर हे केल्याशिवाय शीट जमिनीवर टाकूच नका. आणि ग्लॉसी मायक्यावर मोजे घालून पाय सटकतो, गरोदर बाईला त्यावर उभं करताना तर मी अनवाणीच उभं करते, शीटखाली रबराची जाळीची मॅट टाकते म्हणजे शीट फरशीवर सरकत नाही, आणि कुणीतरी हात धरून तिला आणतं. फोटो कितीही चांगला येणार असला तरी यात तडजोड करू नका.

ज्यांच्याकडे टू-व्हीलरच आहे त्यांनी शीट दुकानातच मधून कापून ४ बाय ४ चे दोन तुकडे करून घ्या. जोड दिसू नये म्हणून कॅमेऱ्याजवळचा तुकडा वर आणि मागचा त्याच्या खाली असा इंचभर चढवायचा, म्हणजे वरच्या तुकड्याची कड कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूला जाते आणि दिसत नाही. उलटं ठेवलं तर बरोब्बर एक रेघ येते. पडदा आणि मायका यांचं पण तसंच, पडदा जमिनीवर फूट-दोन फूट पुढे येऊ द्यायचा आणि मायका त्याच्यावर ठेवायचा.

मायक्याला पर्याय आहेत. पांढरं ॲक्रेलिक मायक्यापेक्षा सुंदर दिसतं पण महाग, त्यावर ओरखडे फार पटकन पडतात आणि ते गुंडाळता येत नाही, छोट्या प्रॉडक्टसाठीच ठीक. सनबोर्ड, म्हणजे जाहिरातीचे बोर्ड करतात ती फोमची शीट, हलका असतो पण त्यावर माणूस उभा राहिला की टाचेचे खड्डे पडतात, म्हणून मी तो जमिनीला वापरत नाही, रिफ्लेक्टर म्हणून, म्हणजे लाइट परत माणसावर फेकायला, मात्र त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. पीव्हीसी फ्लोअरिंगचा रोल, ज्याला बरेच जण लिनोलियम म्हणतात, त्यात साधा पांढरा मिळाला तर बसलेल्या बाळांसाठी मस्त, मऊ असतो, पण त्यात लाकडाचीच डिझाइन जास्त मिळतात, साधा पांढरा शोधावा लागतो.

आता पडदा. इथे तीन रस्ते आहेत, कागद, कपडा आणि फ्लेक्स, आणि तिन्ही मी वापरून झालेत.

कागदाचा रोल सगळ्यात सुंदर, यात वादच नाही, एकही चुणी नाही. मोठा रोल २.७२ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब येतो, अर्धा १.३५ मीटरचा. पण २.७२ मीटर म्हणजे जवळपास ९ फूट, तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर अडकतो आणि छोट्या गाडीत बसत नाही. मी एकदा चौथ्या मजल्यावर जिन्याने नेला, वर पोचेपर्यंत दोन्ही टोकं चुरगळली होती, त्या दिवसापासून बंद. फिरतं काम असेल तर १.३५चाच घ्या, बाळांना आणि हाफ पोर्ट्रेटला तो पुरतो. आणि पावसाळ्यात कागद दमट हवेने लाटा धरतो, घाटावर निभावतं पण कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर कागदावर विसंबू नये.

कपड्यात लोक पहिला मांजरपाट घेतात, मी पण घेतला होता. स्वस्त आहे पण न धुतलेला मांजरपाट पिवळट असतो आणि चुण्या इतक्या पडतात की शूटच्या आधी तासभर इस्त्री. त्यापेक्षा पॉलिएस्टरचं विणलेलं, थोडं ताणलं जाणारं कापड घ्या, होजिअरीसारखं असतं ते, क्लिपांनी दोन्ही बाजूंनी ताणलं की चुण्या आपोआप जातात, आणि घडी न घालता पिशवीत कोंबून नेलं तरी चालतं. घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, सगळं गणित पन्ह्यावर आहे. कमी पन्ह्याचं कापड घेऊन दोन पट्टे जोडले तर मधली शिवण फोटोत दिसते, म्हणून स्वस्त मिळालं तरी कमी पन्ह्याचं नको. पुण्यात रविवार पेठेतली होलसेल दुकानं, मुंबईत मंगलदास मार्केट, इथे मोठ्या पन्ह्याचं कापड मिळतं. अजून एक ठिकाण कुणी सांगत नाही ते म्हणजे तुमच्या ओळखीचा मांडववाला, त्याला विचारा तो पांढरं कापड कुठून आणतो, त्यांच्याकडे मोठा पन्हा असतोच आणि ते ताग्याने घेतात त्यामुळे भाव चांगला मिळतो.

कापड हातात धरून उजेडाकडे बघा, पलीकडची बोटं दिसत असतील तर मागची भिंत पण दिसणार, मग डबल लावावं लागेल. आणि खूप झगझगीत निळसर पांढरं कापड टाळा. नीळ घातलेलं कापड मुळातच निळसर असतं आणि पांढरेपणा वाढवणारी केमिकल्स लावलेलं कापड फ्लॅशच्या अतिनील किरणांनी निळं चमकतं, चेहरा बरोबर आणि मागे निळी झाक अशी फजिती होते, नंतर एडिटिंगमध्ये काढायला फार त्रास. घरी धुताना पण नीळ घालू नका. वरच्या बाजूला टेलरकडून नेफा शिवून घ्या, त्यातून पाइप ओवला की क्लिपा कमी लागतात आणि कपडा सरळ पडतो.

आणि तिसरा फ्लेक्स, ज्याने माझे सगळ्यात जास्त पैसे वाचले. बॅनरवाल्याकडे जा आणि न छापलेला कोरा पांढरा फ्लेक्स मागा. १० फूट रुंदीपर्यंत सहज मिळतो, स्क्वेअर फुटाच्या भावाने, छपाईचे पैसे नाहीत म्हणून अजून कमी, १० बाय १५ फुटांचा तुकडा दीड-दोन हजारात होऊन जातो. वर आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या रिंगा, पण तोच मारून देतो. एकच तुकडा भिंतीवरून खाली जमिनीवर गोलाई देऊन आणला की कोपऱ्याची रेघ येत नाही. पाण्याने पुसता येतो, बाळाने शू केली तरी टेन्शन नाही. फक्त तो चमकतो, लाइट सरळ मारला तर मधोमध पांढरा गोळा दिसतो, म्हणून दोन्ही बाजू बघून कमी चमकणारी बाजू पुढे ठेवा आणि लाइट दोन्हीकडून तिरके मारा. नवा फ्लेक्स वास मारतो, बाळाच्या शूटच्या आधी दोन-तीन दिवस गच्चीवर उघडा टाकून ठेवा. आणि घडी कधीही नाही, पाइपवर गुंडाळूनच न्यायचा, घडीची रेघ पडलीच तर दुपारच्या उन्हात पसरून ठेवा, गरम होऊन बरीचशी जाते.

स्टँडवर फार खर्च करू नका. प्लंबिंगच्या दुकानातून १ इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो (काटकोनी जोड), चार टी (तीन तोंडांचे जोड) एवढ्यात चौकट होते, पाइप ४-४ फुटांचे कापून घ्या म्हणजे गाडीत मावतात, आणि जोड चिकटवू नका, नुसते बसवा. आडवा पाइप मात्र लांबीला पीव्हीसीचा मधे वाकतो, त्याजागी पडद्याचा स्टीलचा रॉड बरा. पायांवर वजन लागतंच, जुन्या जीन्सचे पाय कापून शिवायचे आणि त्यात वाळू भरायची, पंख्याच्या वाऱ्याने पण पडदा माणसावर येऊ शकतो, घरात मुलं पळत असतात.

मांडणी करताना माणूस पडद्यापासून ५-६ फूट पुढे पाहिजे, नाहीतर पडद्याचा लाइट अंगावर येतो आणि माणसाची सावली पडद्यावर. फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढी जागा निघत नाही हे मला माहितीये. मग सोफा बाहेर काढायच्या आधी हॉलमध्ये तिरकं, कोपऱ्यातून कोपऱ्यात मांडून बघा, तेवढेच काही फूट जास्त मिळतात. लांब फोकलचा, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारा लेन्स लावला की मागचा कमी भाग दिसतो म्हणजे अरुंद पडदा पण पुरतो, पण मागे सरकायला जागा लागते, म्हणून दार उघडून पॅसेजमधून फोटो काढायचे, मी हे कितीतरी वेळा केलंय. कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट चालू ठेवा, जास्त लाइटने उडून गेलेला भाग त्यात स्क्रीनवर लुकलुकतो, पडदा लुकलुकला पाहिजे, कपडे आणि चेहरा नाही. पांढरी साडी असेल तर पडद्याचा लाइट थोडा कमी करा, नाहीतर पदर कुठे संपतो तेच कळत नाही.

नुसते दागिने, लोणच्याच्या बरण्या, साबण असलं छोटं काही असेल तर यातलं काहीच नको. स्टेशनरीच्या दुकानातून, पुण्यात अप्पा बळवंत चौकातून, जाड पांढरी कार्डशीट आणा, २२ बाय २८ इंचाची, खिडकीशेजारी टेबलावर ठेवून मागची कड भिंतीला चिकटवा, खिडकीच्या उलट्या बाजूला सनबोर्डचा तुकडा उभा करा. चिकटवायला मास्किंग टेपच, ब्राउन टेप लोकांच्या भिंतीचा रंग काढते आणि पुढचं काम जातं.

ठेवताना कागदाचा रोल उभा ठेवा, आडवा ठेवला की मधे झोळ येतो. मायका आठवड्यातून एकदा तरी उघडून सपाट पसरा, नाहीतर टोकं वर वळलेलीच राहतात आणि शूटच्या वेळी कोपऱ्यांवर वजनं ठेवत बसावं लागतं. येणाऱ्या प्रत्येकाचे तळवे ओल्या फडक्याने पुसून घ्या, चपला घालूनच फोटो हवा असेल तर तळाला आधी सेलोटेप चिकटवा. कुंकू आणि आलता मायक्यावरून ओल्या फडक्याने लगेच पुसला तर निघतो, वाळू दिला की रंग धरतो. आणि डोहाळजेवणाच्या शूटला कपड्यावर हळद सांडली तर घाबरू नका, साबण लावल्यावर डाग लाल होतो तेव्हा वाटतं आता हा कपडा गेला, पण तसाच धुवून ओला कडक उन्हात दोरीवर टाका, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, संध्याकाळपर्यंत बराचसा उडालेला असतो, उरला तर दुसऱ्या दिवशी परत.