रेडिएशननंतर लघवीतून रक्त: दुर्बिणीपासून मूत्रमार्ग वळवण्यापर्यंत

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतल्यावर काही महिन्यांनी, कधी दहा वर्षांनीही लघवीतून रक्त जाऊ लागतं. मूत्राशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडतात आणि त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या वाहिन्या अगदी ठिसूळ असतात. पण सगळं खापर रेडिएशनवर फोडू नये. मूत्राशयाचा कॅन्सर, जंतुसंसर्ग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ही कारणं आधी तपासायची. त्यासाठी लघवीचं कल्चर, सीटी युरोग्राफी (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन) आणि मूत्राशयात दुर्बीण घालून तपासणी लागते.

गुठळ्यांनी लघवी अडली तर पहिलं काम गुठळ्या काढण्याचं. नेहमीचा १६ नंबरचा कॅथेटर (लघवीची नळी) लगेच तुंबतो. २२ किंवा २४ नंबरचा जाड, तीन तोंडांचा (थ्री-वे) कॅथेटर घालून ६० मिलीच्या सिरिंजने सलाइन आत सोडायचं आणि ओढून घ्यायचं, गुठळ्या येणं थांबेपर्यंत. मगच सलाइनची सततची धार सुरू करायची. आधीच सुरू केली तर पाणी आत साचून मूत्राशय फाटूही शकतं. म्हणून किती गेलं, किती आलं याची नोंद ठेवावीच.

एवढ्याने भागलं नाही तर भूल देऊन दुर्बिणीतून गुठळ्या धुऊन काढतात आणि रक्त येणारे ठिपके तेवढेच जाळतात. दिसेल ती लाल भिंत जाळत सुटणं वाईट. रेडिएशन झालेल्या भागातली जखम नीट भरत नाही आणि गुदाशयाकडे भोक पडू शकतं. कॅन्सरचा संशय नसेल तर बायोप्सीही याच कारणाने टाळावी.

तरी रक्त थांबेना, तर १ टक्का तुरटीच्या द्रावणाची धार. हो, न्हाव्याकडची तीच तुरटी, फक्त निर्जंतुक. भूल लागत नाही, पण किडनी कमजोर असेल तर ॲल्युमिनियम अंगात साचून रुग्ण बरळू लागतो. रुग्ण स्थिर असेल तर हायपरबेरिक ऑक्सिजनची, म्हणजे जास्त दाबाच्या खोलीत शुद्ध ऑक्सिजन देण्याची, सत्रं (साधारण ३० ते ४०) याच टप्प्यावर, फॉर्मेलिन या जहाल रसायनाच्या आधी सुरू करावीत; फॉर्मेलिननंतर आक्रसलेलं मूत्राशय त्यानेही पूर्ववत होत नाही.

मूत्राशयात फॉर्मेलिन घालणं हा शेवटून दुसरा उपाय. आधी सिस्टोग्राम (मूत्राशयात रंगद्रव्य भरून काढलेला एक्स-रे) करून लघवी किडनीकडे उलटी चढत नाही ना, हे पाहायचं. चढत असेल तर मूत्रवाहिन्या फुग्याने बंद केल्याशिवाय फॉर्मेलिन घालायचं नाही. सुरुवात १ टक्क्याने, पूर्ण भूल किंवा कमरेतून भूल देऊन. मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन मूत्राशयाच्या रक्तवाहिन्या बंद करणं हा दुसरा पर्याय. त्यानंतर काही दिवस कुल्ले दुखतात.

सगळं फसलं की लघवीचा मार्ग वळवतात, आतड्याचा तुकडा वापरून पोटावर पिशवी. तुकडा किरणांच्या पट्ट्यात आलेला नको. लहान आतडं भाजलेलं दिसलं तर आडव्या मोठ्या आतड्याचा घेतात. मूत्राशय आतच ठेवलं तर त्यात पू साचू शकतो आणि रक्तही चालू राहू शकतं. म्हणून तब्येत झेपत असेल तर ते काढणं बरं, मात्र रेडिएशनने चिकटलेल्या भागात ही शस्त्रक्रिया नेहमीपेक्षा बरीच जोखमीची असते.