देवाची ओळख पारखावी कशी: नागपुरातील अभ्यासगटासाठी मेथडिस्ट रीत

मेथडिस्ट परंपरेत देवाला ओळखणे म्हणजे देवाविषयी माहिती गोळा करणे नव्हे, आणि मनात उठलेल्या प्रत्येक ऊर्मीला देवाचा आवाज मानणे तर नव्हेच. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली (1703–1791) यांच्या मते ही ओळख देव स्वतःहून देतो. परंतु जे आपल्याला मिळाले ते देवाकडचेच आहे का, हे शास्त्राच्या आधारे, इतर विश्वासणाऱ्यांच्या संगतीत आणि रोजच्या आचरणात पारखून घ्यावे लागते. अशी पारख एखाद्या लहान अभ्यासगटाला प्रत्यक्ष कशी करता येईल, ते येथे सांगितले आहे.

गट एकाच मंडळीतला असावा, असा आग्रह नागपुरात तरी धरू नये. 29 नोव्हेंबर 1970 रोजी येथील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन परिषदांशी संबंधित मेथडिस्ट तीत सामील झाले; अमेरिकन मिशनमधून वाढलेली मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया मात्र ऐन वेळी बाहेर राहिली आणि पुढे 1981 मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. वेस्लींचा वारसा अशा रीतीने दोन्हीकडे गेलेला असल्यामुळे दोन्हीकडची माणसे एकत्र बसली तर चर्चा सकसच होते. संख्या बारापर्यंत ठेवावी. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे बारा-बारांचे गट करून दर आठवड्याला एकेक पेनी गोळा करण्याचे ठरले, आणि घरोघर फिरणाऱ्या गटप्रमुखांना माणसांची खरी अवस्था कळू लागली, तेव्हा त्या वर्गणीच्या व्यवस्थेतूनच परस्परांच्या आत्मिक देखरेखीची 'क्लास मीटिंग' उभी राहिली. उन्हाळ्यात बैठक सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर घ्यावी, कारण नागपूरच्या उन्हात दुपारच्या बैठकीची उपस्थिती सर्वांनाच ठाऊक आहे.

अभ्यासाला विषय नव्हे, प्रश्न घ्यावा, आणि तो खरोखर अडलेला असावा. दीक्षाभूमीच्या या शहरात आपल्याला सहज अडणारा एक प्रश्न असा: आपल्या शेजारचे बौद्ध कुटुंब किंवा दरवर्षी वारीला जाणारे गृहस्थ सचोटीने वागतात, अडल्यानडल्याला धावून येतात, मग देवाच्या कृपेचा त्यांना स्पर्शच नाही, असे ख्रिस्ती माणसाने म्हणावे काय? पुढील सर्व पायऱ्या हाच प्रश्न धरून सांगितल्या आहेत.

आरंभ पवित्र शास्त्रापासून करावा. 1746 च्या प्रवचनसंग्रहाच्या प्रस्तावनेत वेस्लींनी आपली वाचनपद्धती सांगितली आहे: एकांतात देवापुढे बसून वाचावे, अर्थ लागला नाही तर प्रकाशासाठी प्रार्थना करावी, समांतर वचने शोधून ताडून पाहावीत आणि त्यांवर मनन करावे, तरीही शंका उरली तर देवाच्या गोष्टींत मुरलेल्या माणसांना विचारावे, आणि मग पूर्वीच्या लेखकांचे ग्रंथ पाहावेत. हा क्रम मोडू नये. हल्ली वचन वाचण्याआधीच मोबाइलवर कुणाचे तरी स्पष्टीकरण ऐकले जाते, म्हणजे शेवटची पायरी पहिली होते, आणि वचनाने आपल्याला अडवण्याची शक्यताच संपते. आपल्या प्रश्नासाठी योहान 1:9, रोमकरांस पत्राचा 2:14–15 हा भाग आणि प्रेषितांची कृत्ये अध्याय 10 मधील कर्नेल्य या देवभीरू रोमी शताधिपतीची हकिकत वाचावी. त्याचबरोबर, ख्रिस्तावाचून पित्याकडे कोणी येत नाही असे सांगणारे योहान 14:6 ही वाचावे, कारण सोयीची वचने तेवढी निवडली तर ती पारख होत नाही.

यानंतर परंपरा. येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. प्रेषितांचा मतांगीकार, वेस्लींनी अँग्लिकन चर्चच्या 39 कलमांवरून 1784 मध्ये अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी संक्षिप्त केलेली कलमे (ती पुढे 25 म्हणून रूढ झाली) आणि आपल्या उपासनेतील जुनी गीते, एवढे पाहून या प्रश्नाला आधीच्या पिढ्यांनी काय उत्तर दिले ते टिपून ठेवावे.

तर्कबुद्धीबाबत वेस्लींची भूमिका दोन्ही बाजूंना चिमटा काढणारी आहे. 1781 च्या एका प्रवचनात ते बुद्धीला तुच्छ लेखणाऱ्यांनाही खडसावतात आणि तिलाच सर्वस्व मानणाऱ्यांनाही. बुद्धीवाचून शास्त्र समजत नाही आणि कर्तव्य ठरवता येत नाही. मात्र बुद्धी विश्वास, आशा व प्रीती निर्माण करू शकत नाही, असे ते म्हणतात. म्हणून गटात 'असे प्रश्न विचारू नयेत' हे वाक्य कुणालाही बोलू देऊ नये.

आपल्या प्रश्नाला वेस्लींचे उत्तर पूर्वगामी कृपेच्या शिकवणीत सापडते. 1785 च्या एका प्रवचनात ते सांगतात की ज्याला लोक उपजत सदसद्विवेक म्हणतात तो वस्तुतः उपजत नाही; माणसाने देवाकडे वळण्याआधीच देवाने त्याला दिलेली ती कृपा आहे, आणि ती पूर्णपणे गमावलेला माणूस सहसा आढळत नाही. शेजाऱ्याची सचोटी ही त्यामुळे मेथडिस्ट माणसाला अडचणीची वाटण्याचे कारण नाही. ती त्याला कृपेचीच खूण वाटायला हवी. मात्र वेस्ली एवढ्यावर थांबत नाहीत. याच कृपेने माणूस पश्चात्तापाकडे, मग ख्रिस्तावरील विश्वासाने क्षमा मिळून नीतिमान ठरण्याकडे आणि पुढे पवित्रीकरणाकडे नेला जातो, असा त्यांचा क्रम आहे. गटाने पहिले वाक्य उचलून दुसरे गाळू नये, आणि दुसऱ्याच्या जोरावर शेजाऱ्याला कमी लेखू नये. शिवाय बौद्ध शेजारी स्वतः आपल्या सदाचरणाला कृपा म्हणणार नाहीत, हेही लक्षात ठेवून बोलावे. ही आपल्या श्रद्धेची भाषा आहे, त्यांच्यावर लादण्याचे वर्णन नव्हे.

शास्त्र, परंपरा, तर्कबुद्धी आणि अनुभव या चार आधारांना 'वेस्लियन चतुष्कोण' असे नाव अल्बर्ट आउटलर या अमेरिकन अभ्यासकांनी 1960 च्या दशकात दिले. वेस्लींनी ते कधी वापरले नव्हते. 1972 मध्ये ही मांडणी युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमग्रंथात आली, आणि पुढे आउटलर यांनाच त्या नावाचा पश्चात्ताप झाला, कारण चार बाजू समान आहेत असा लोकांचा समज झाला. 1988 मध्ये शास्त्राचे प्राधान्य ठळकपणे नोंदवावे लागले. गटाच्या वहीत चार समान रकाने आखण्याचा मोह होतो. त्याऐवजी शास्त्रासाठी संपूर्ण पान ठेवून उरलेल्या तिघांची नोंद समासात करावी.

सर्वांत जपून हाताळायची गोष्ट म्हणजे अनुभव. 24 मे 1738 रोजी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत, रोमकरांस पत्रावरील लूथरची प्रस्तावना वाचली जात असताना, रात्री पावणेनऊच्या सुमारास आपले अंतःकरण विलक्षण ऊबदार झाल्याचे वेस्लींनी रोजनिशीत लिहिले आहे. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला जातो की प्रत्येकाला असाच क्षण यायला हवा, असे वाटू लागते. वेस्लींचे नंतरचे लिखाण मात्र अधिक सावध आहे. त्या रात्रीपूर्वीही आपल्याला विश्वास होता, तो पुत्राचा नसून सेवकाचा होता, अशी टीप त्यांनी पुढे जोडली. आणि आपल्याला क्षमा मिळाल्याची खात्री नसलेल्या माणसाला विश्वासच नाही, हे आपले आरंभीचे मतही सोडून दिले.

आपल्याच भूमीतील उदाहरण घ्यायचे तर नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याकडून नवा करार मिळाला. वाचत वाचत ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे खिळून राहिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतः पाहून, विचार करून. एकाच घरातल्या दोन माणसांना देवाची ओळख एकाच गतीने होत नाही, हे साक्ष ऐकताना गटप्रमुखाने ध्यानात ठेवावे आणि कुणालाही तारीख विचारू नये.

साक्ष ऐकून झाल्यावर तिची कसोटी रोमकरांस पत्र 8:16 आणि गलतीकरांस पत्र 5:22–23 या दोन वचनांनी घ्यावी. पहिल्यात आत्म्याची साक्ष आहे, दुसऱ्यात आत्म्याचे फळ: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढील गुण. वेस्लींच्या मते फळावाचून साक्षीवर भरवसा ठेवू नये. त्यांच्याच लंडनमधील सोसायटीतील जॉर्ज बेल याने 28 फेब्रुवारी 1763 रोजी जगाचा अंत होणार असे जाहीर केले, तेव्हा वेस्लींनी त्याला उघड विरोध केला. एखाद्याचा अनुभव तीव्र असेल, पण त्यानंतर तो घरच्यांशी अधिक कठोर वागू लागला असेल, तर गटाने गप्प राहू नये. ही चौकशी मात्र सर्वांदेखत न करता पाळकांच्या सल्ल्याने करावी.

मग ज्याला काहीच जाणवत नाही त्याने काय करावे? 1740 च्या सुमारास लंडनच्या फेटर लेन सोसायटीत काहींनी असे शिकवले की खरा विश्वास येईपर्यंत प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन सर्व थांबवून स्वस्थ बसावे. वेस्लींनी हे नाकारले, आणि त्या वादातून ते सोसायटीबाहेर पडले. वाट पाहायचीच, पण ती कृपेच्या साधनांत राहून पाहायची, हे त्यांचे म्हणणे माझ्या मते संपूर्ण मेथडिस्ट विचारातील सर्वांत उपयोगाचे आहे. प्रभुभोजनही त्यांनी केवळ खात्री झालेल्यांसाठी राखून ठेवले नाही. शोधात असलेल्यालाही तेथे देव भेटू शकतो, असे ते मानत. म्हणून गटातील प्रत्येकाने रोज शास्त्रवाचन व प्रार्थना, रविवारी उपासना, प्रभुभोजन असेल त्या दिवशी त्यात सहभाग आणि प्रकृती साथ देत असेल तर शुक्रवारी उपवास, एवढा क्रम काही महिने तरी सोडू नये. मधुमेही व औषधे चालू असलेल्यांनी उपवासाऐवजी दुसरा संयम निवडावा.

याच यादीत वेस्ली दयेची कामेही धरतात. आजाऱ्याला भेटण्याविषयीच्या 1786 च्या प्रवचनात ते बजावतात की दुसऱ्याच्या हाती मदत पाठवणाऱ्याला ते कृपासाधन लाभत नाही. त्यासाठी स्वतः जावे लागते. तेव्हा बैठकीत जमलेली वर्गणी कुणाकडे तरी सोपवून मोकळे न होता दोघादोघांनी मेडिकल किंवा मेयोमध्ये रुग्णालयाच्या भेटीच्या वेळेत जावे, नातेवाईक जवळ नसलेल्या रुग्णाची विचारपूस करावी, त्याने सांगितल्याशिवाय प्रार्थना किंवा उपदेश सुरू करू नये, आणि तेथे जे पाहिले त्याची नोंद पुढच्या बैठकीत शास्त्राच्या त्याच पानाशेजारी, समासात करावी.